सडा संपतो तिथे: जयगड ते आंबोळगड

कोकणात समुद्र बघायला येणारे बहुतेक जण थेट पुळणीवर उतरतात, वाळूत पाय बुडवतात, शहाळं पितात आणि परत फिरतात. त्यात गैर काही नाही. पण रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा मुळात कड्यांचा आहे. दोन कड्यांच्या बेचक्यात एखादा वहाळ नाहीतर खाडी समुद्राला मिळते, तिथे साचलेली वाळू म्हणजे पुळण. ती किनाऱ्याचा लहानसा भाग आहे. उरलेला किनारा बघायचा तर सड्यावरून, म्हणजे कड्यांच्या माथ्यावरच्या सपाट कातळावरून, चालत त्याच्या टोकापर्यंत जावं लागतं, आणि त्यासाठी दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: पायाखालचा दगड कोणता आणि आजची तिथी कोणती.

आधी दगड. इथल्या कोणत्याही कड्याकडे बाजूने, म्हणजे शेजारच्या टोकावरून, नीट पाहिलं तर तीन थर दिसतात. सगळ्यात वर तांबडा-तपकिरी, भोकाभोकांचा जांभा. कुठे तो पाच-सात मीटर जाड, कुठे वीसच्याही पुढे. त्याच्याखाली पांढरट, पिवळट किंवा गुलाबी चिकणमातीचा पट्टा. आणि तळाला, लाटा आपटतात तिथे, काळवत्री म्हणजे बेसाल्ट. हा लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जांभा आणि ती माती याच काळ्या दगडाची लेकरं आहेत. लाखो वर्षं उष्ण, ओल्या हवेत दगड कुजत गेला, त्यातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहून घट्ट झाले. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा-ऊन लागलं की कडक होतो. म्हणून तर चिरे खाणीतच कापून घेतात.

या तीन थरांतच कडा का कोसळतो याचं उत्तर आहे. पावसाचं पाणी जांभ्यातून चाळणीसारखं खाली झिरपतं, पण चिकणमातीपाशी अडतं आणि आडवं वाहत कड्याच्या तोंडाशी बाहेर येतं. येताना माती थोडी थोडी घेऊन येतं. वरचा जांभा तसाच पुढे लटकत राहतो, त्याच्या उभ्या सांध्यांना भेगा पडतात आणि एखाद्या पावसाळ्यात खोलीएवढा ठोकळा खाली येतो. कड्याच्या पायथ्याशी पडलेले तांबडे धोंडे असेच आलेले असतात. त्यांच्या कडा अजून धारदार असतील तर ते अलीकडचे. लाटांनी गोल केलेले असतील तर जुने.

व्यवहारात याचा अर्थ असा, की कड्याच्या काठावर उभं राहून काठाखाली काय आहे हे कधीच कळत नाही. सडा सपाट आणि दगडी, त्यामुळे भक्कम वाटतो. प्रत्यक्षात तुम्ही पुढे आलेल्या छज्ज्यावर उभे असू शकता. म्हणून आधी शेजारच्या टोकावर जाऊन ज्या जागी उभं राहायचं आहे ती जागा बाजूने बघावी. काठाला समांतर जाणारी भेग दिसली, त्यात गवत उगवलेलं असलं तरी, तिच्या अलीकडेच थांबावं. पोटावर झोपून डोकावण्याने घसरायचा धोका कमी होतो, पण लटकलेला ठोकळाच सुटला तर त्याचा काही उपयोग नाही. आणि काठापासून शेवटच्या दोन-तीन मीटरांत जांभ्याच्या सुट्या गोट्या पसरलेल्या असतात. उतार जेमतेम असला तरी त्या बुटाखाली गडगडतात. कड्यावर घात होतो तो बहुधा या गोट्यांनी आणि सेल्फीसाठी मागे मागे सरकण्याने.

आता तिथी. कोळी आणि किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी काढतात: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, म्हणून भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे इकडच्या भाषेत सुकती. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, त्यामुळे या हिशोबात तासाभराची चूक धरूनच चालावं. बेत ठरवायला तो पुरतो. खडकावर उतरायचं असेल तर मात्र रत्नागिरी बंदराचं कोष्टक बघावं. मुंबईचं बघू नये, कारण भरतीची लाट या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते आणि मुंबईला रत्नागिरीपेक्षा पाऊण ते एक तास उशिरा पोहोचते. मुंबईचं कोष्टक घेऊन आलेला माणूस ओहोटी अजून चालू आहे असं समजून खडकावर बसून राहतो आणि पाणी तोवर परत फिरलेलं असतं.

आणखी एक हिशोब. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं. म्हणजे सुकतीनंतर तासभर काही बदललंय असं वाटत नाही आणि मग एकदम परतीची वाट भिजायला लागते. कड्याच्या पायथ्याशी जायचं तर सुकतीच्या दीड-दोन तास आधी उतरावं आणि पाणी फिरायच्या वेळेला वर यायला लागावं. भांगाच्या भरतीला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फार चढत नाही, पण फार उतरतही नाही. खडकाचा खालचा पट्टा त्या दिवसांत उघडाच पडत नाही.

यावरून सरळ निघतं ते असं: कडा खालून बघायचा तर द्वादशी ते चतुर्दशी हे दिवस उत्तम. सुकती दुपारी सव्वातीन ते पाचच्या दरम्यान येते आणि नेमकं त्याच वेळी पश्चिमेकडचं ऊन कड्याच्या तोंडावर पडतं. सकाळी हे सगळे कडे सावलीत असतात आणि जांभ्याचा तांबडा रंग मातकट दिसतो. उलट, घळीत उसळणारं पाणी बघायचं असेल तर पौर्णिमा-अमावास्येपासून पुढचे दोन-तीन दिवस. उधाण तिथीच्या एक-दोन दिवस नंतरच सर्वांत मोठं असतं आणि भरती भर दुपारी येते.

घळीवरून आठवलं. या पट्ट्याच्या जरा उत्तरेला, गुहागर तालुक्यात हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाशेजारी बामणघळ आहे. काळवत्रीतली एक अरुंद, लांब चीर. भरतीचं पाणी तिच्यात शिरतं, पुढे जागा संपते आणि सगळा जोर वर निघतो. फवारा माणसाच्या तीन-चार पट उंच सहज जातो. लोक तिच्या अगदी कडेला उभे राहतात. कडा ओली आहे याचा अर्थ आधीच्या कुठल्या तरी लाटेचं पाणी तिथवर आलं होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: कोरड्या दगडावर उभं राहावं, ओल्यावर नाही. हेदवीहून तवसाळला आलं की जयगडला जाणारी फेरीबोट मिळते, गाडीसकट. शेवटची फेरी किती वाजता हे धक्क्यावर आधी विचारून ठेवावं. चुकली तर खाडीला वळसा घालून पोहोचायला अर्धा दिवस जातो.

जयगडचा किल्ला बघून झाला की नांदिवड्याचा कऱ्हाटेश्वर चुकवू नये. देऊळ कड्याच्या पोटात, समुद्राच्या अगदी वर. पायऱ्या उतरून खाली गेलं की गोमुखातून गोडं पाणी पडताना दिसतं, खाऱ्या लाटांपासून हाकेच्या अंतरावर. वर सांगितलेला जांभ्यातून झिरपून आडवं निघणारा झरा तो हाच. चिकणमातीने माणसाला दिलेली ही एक चांगली बाजू. जवळच्या वीज प्रकल्पाची चिमणी दृश्यात येते. ती टाळून फोटो काढण्याचा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

जयगड ते गणपतीपुळे आणि तिथून आरे-वारे मार्गे रत्नागिरी हा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. गणपतीपुळ्यापासून रत्नागिरी या वाटेने सुमारे पंचवीस किलोमीटर. आरे आणि वारे या दोन पुळणींच्या मधला घाट कड्याच्या खांद्यावरून जातो आणि वरून दोन्ही पुळणी एकदम दिसतात. रविवारी संध्याकाळी तिथे गाडी थांबवायला जागा नसते. मधल्या वारी जावं. खालची पुळण दिसते सौम्य, पण पाण्यात ओढ आहे आणि तिथे माणसं बुडालेली आहेत. पाय ओले करण्यापलीकडे जाऊ नये, पोहता येत असलं तरी.

रत्नागिरी शहरातला रत्नदुर्ग घोड्याच्या नालेसारखा पसरलेला आहे. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला दीपगृह. बहुतेक जण देवीचं दर्शन घेऊन परततात. तटावरून पूर्ण फेरी मारली तर कड्याचे तिन्ही थर इथे शहराला लागून, सुरक्षित जागेवरून बघायला मिळतात. वेळ कमी असेल आणि एकच जागा बघायची असेल तर हीच. दीपगृह ठरावीक वेळेतच उघडतं. आधी चौकशी करून जावं.

खरा ऐवज मात्र रत्नागिरीच्या दक्षिणेला आहे. पावस ओलांडलं की पूर्णगड. मुचकुंदीच्या मुखावरचा छोटासा किल्ला, दर्यादरवाज्यातून थेट समुद्र. पूल ओलांडला की गावखडी: सुरूचं बन, लांब पुळण, हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी. रात्री तिथे टॉर्च आणि गाडीचे दिवे घेऊन फिरू नये, मादी माघारी जाते. गावखडीचा चढ चढून सड्यावर आलं की कशेळी. रत्नागिरीहून एकूण चाळीस किलोमीटरच्या आसपास.

कशेळीला किमान पूर्ण दिवस द्यावा. गावात कनकादित्याचं देऊळ, महाराष्ट्रात मोजकीच असलेल्या सूर्यमंदिरांपैकी एक. देवळाकडे शिलाहार राजा भोजाचा ताम्रपट आहे. रथसप्तमीला पाच दिवसांचा उत्सव असतो, तेव्हा राहायला जागा मिळणं अवघड. देवाची मूर्ती ज्या गुहेत सापडली असं सांगतात ती गुहा समुद्राकाठी, देवघळीत. कथा अशी, की सौराष्ट्रातल्या प्रभासपाटणहून मूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथे अडलं, व्यापाऱ्याने एक मूर्ती गुहेत ठेवली तेव्हा ते हललं, आणि पुढे कनका नावाच्या स्त्रीला दृष्टांत झाला. देव आदित्य, भक्त कनका, म्हणून कनकादित्य.

देवघळी म्हणजे दोन कड्यांमधली खाच. वर कठडा बांधलेली जागा आहे, तिथून उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंचे कडे पाण्यात उभे उतरताना दिसतात. सूर्यास्ताला हौशी मंडळी इथेच थांबतात. पण पायऱ्यांनी खाली उतरलं तर चिमुकली पुळण लागते आणि कड्याच्या अंगात शिरता येतं. काळ्या खडकाचा सपाट ओटा लाटांनीच तासलेला आहे. पाणी एका ठरावीक उंचीवर घासत राहतं, कडा मागे मागे सरकतो आणि तळ मात्र ओट्यासारखा शिल्लक राहतो. ओट्यात रांजणखळगे आहेत. एखादा गोटा खळग्यात अडकून लाटेबरोबर गरगर फिरत दगड कोरतो, त्याने झालेले. सुकतीला त्यात खेकडे, बारके मासे, समुद्रफुलं दिसतात.

इथे चालताना दोन गोष्टी. हिरवं शेवाळ डोळ्यांना दिसतं, म्हणून माणूस जपतो. त्याच्या वरच्या पट्ट्यातला काळपट, ओला, नुसता भिजलेला दगड वाटणारा थर जास्त फसवा, कारण तोही शेवाळच असतो. आणि पडताना आधार म्हणून हात टेकला तर कालवांच्या शिंपा तळवा उभा चिरतात. खारं पाणी गेलेली जखम चिघळते, तेव्हा गोड्या पाण्याने धुऊन मगच पट्टी बांधावी. रबरी तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या सँडल चालतात. हवाई चपला नकोत. गुहेकडे फक्त पूर्ण सुकतीला जावं, आणि दोघांपैकी एकाने समुद्राकडे तोंड करून राहावं.

आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि तरी लाटा मोठ्या, असं एप्रिल-मेमध्ये कधी कधी होतं. ही हूल, म्हणजे दुरून आलेल्या लाटा, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांतून हजारो किलोमीटर प्रवास करून आलेल्या असतात, इथल्या हवेवरून त्यांचा अंदाज येत नाही. हैदराबादची इन्कॉइस संस्था किनाऱ्यासाठी उंच लाटांचे इशारे देते. उतरायच्या दिवशी ते मोबाईलवर बघून घ्यावेत. सड्यावर नेटवर्क मिळतं, घळीत मिळेलच असं नाही. म्हणून वरूनच बघावं.

कशेळीतच सड्यावर तो प्रसिद्ध हत्ती आहे. कातळात कोरलेला, सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद, त्याच्या पोटात आणि आजूबाजूला इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती. युनेस्कोच्या संभाव्य यादीत 2022 साली कोकणातली कातळशिल्पं गेली, त्या नऊ ठिकाणांत कशेळी आहे. रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण आणि उक्षी ही रत्नागिरी जिल्ह्यातली बाकीची. दुपारी बाराला हत्ती बघायला गेलात तर काही दिसणार नाही. रेषा काही इंचच खोल आहेत. ऊन तिरपं असताना, सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर, सावलीमुळे त्या उठून येतात. पावसाळ्यात रेषांत पाणी साचतं तेव्हाही छान दिसतं. रेषांवरून चालू नये आणि फोटोसाठी खडू मारू नये. देवाचे गोठणे इथल्या मानवाकृतीपाशी होकायंत्र ठेवलं तर सुई भलतीकडे वळते. फोनमधलं होकायंत्रही चालतं, करून बघावं.

सड्याबद्दल थोडं. मे महिन्यात तो इतका रखरखीत असतो की इथे काही जगत असेल यावर विश्वास बसू नये. मृगाच्या सरी पडल्या की पहिली येते ती दिपकाडी, पांढरी, उंच दांड्याची, जगात फक्त याच पट्ट्यातल्या सड्यांवर सापडणारी. ऑगस्ट-सप्टेंबरात साचलेल्या पाण्याच्या कडेने सीतेची आसवं, गेंद, कवला. गेंद पांढरा, आसवं निळी-जांभळी, कवला पिवळा, आणि कड्याच्या टोकापर्यंत हा गालिचा. माझं मत विचाराल तर या किनाऱ्याचा सर्वांत देखणा काळ गणपतीनंतरचे तीन आठवडे. कडे धुतलेले, सडा फुललेला, हवेत धूळ नाही. अट एकच, की त्या दिवसांत खाली खडकावर उतरण्याचा विचार सोडून द्यायचा. समुद्र अजून शांत झालेला नसतो. खाली उतरायला नोव्हेंबर ते मार्च.

गवतात आणि सुट्या जांभ्याखाली फुरसं असतं. रत्नागिरीचे सडे त्यासाठी जुन्या काळापासून बदनाम आहेत. वीतभर-दोन वितीचा, मातीच्या रंगाचा साप, डिवचला की अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतो. दगड उलथू नये, बसण्यापूर्वी जागा बघावी, घोट्याच्या वर येणारे बूट घालावेत, अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय सड्यावरून चालू नये. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. 108 ला फोन करावा, हात किंवा पाय न हलवता सरकारी रुग्णालय गाठावं, उपचार प्रतिविषाचाच.

कड्याच्या टोकाकडे जाणाऱ्या पायवाटा बहुतेक वेळा कुणाच्या तरी कलमांच्या बागेतून जातात. गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, मध्येच लाकडी दांड्यांचं बेडं असतं. काढून आत गेलात की परत जसंच्या तसं लावा, गुरं शिरली तर वर्षाचं नुकसान होतं. फेब्रुवारी ते मे बागेत नेपाळी राखणदार असतात आणि कुत्रीही. हाक मारून, विचारून पुढे जावं. सहसा कोणी नाही म्हणत नाही, वाट मात्र बरोबर सांगतात. चिरेखाणींपासून दूर राहावं: सोडून दिलेल्या खाणी पावसाळ्यात तुडुंब भरतात, भिंती उभ्या असतात, पडलेल्याला बाहेर येता येत नाही.

कशेळीहून आडिवऱ्याच्या महाकालीला नमस्कार करून नाटे गावाला यावं. जैतापूरच्या खाडीवरचा यशवंतगड जाता जाता होतो. पुढे रस्ता संपतो तिथे आंबोळगड. किल्ला नावापुरता, वडाच्या झाडाभोवतीचे पडके बुरूज. कडे बघायचे ते गगनगिरी महाराजांच्या आश्रमाच्या बाजूला. इथे जांभा थेट समुद्रावर तुटलेला आहे, वर गवताळ सडा, वाऱ्याला काहीही आडवं नाही. टोपी उडते म्हणून तिच्यामागे धावू नये, हे लहान मुलांना आधीच सांगून ठेवावं. समुद्र गरुड दिसायची शक्यता चांगली: पांढरं पोट, पंख इंग्रजी व्हीसारखे उचललेले, कड्याला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर पंख न हलवता तरंगत असतो. पाठीवरून दिसला तर समजा तो तुमच्या खाली उडतोय.

सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास, मेअखेर सातनंतर. त्यानंतर संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं, म्हणून गाडीपर्यंतची वाट उजेडात बघून ठेवावी. आंबोळगड आणि नाटे गावांत घरगुती राहण्याची सोय आहे, पण जेवण सकाळी सांगून ठेवावं लागतं. माणसं मोजून मासे आणले जातात. पेट्रोल पावसला किंवा राजापूरला भरून घ्यावं. एसटी आहे, पण सड्यावरच्या गावांना दिवसातून मोजक्या फेऱ्या. परतीची गाडी चालकालाच विचारून ठेवलेली बरी. रेल्वेने येणाऱ्यांनी रत्नागिरीलाच उतरावं. राजापूर रोड नकाशावर जवळ दिसतं, पण ते स्टेशन राजापूर गावापासूनही लांब आहे आणि अवेळी उतरलात तर रिक्षा मिळण्याची खात्री नाही.